हिमालयातली रेषा कोणी आखली?
भारत-चीन सीमावादाची ब्रिटिशकालीन मुळे

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभरातल्या पोलीस मुख्यालयांत पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. वर्षभरात कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात आणि मानवंदना दिली जाते. हीच तारीख का, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्जजवळ, कोंगका खिंडीच्या परिसरात, गस्तीवर गेलेल्या भारतीय पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि दहा पोलीस मारले गेले. भारताचे म्हणणे होते की चिनी सैन्य आपल्या हद्दीत घुसले. चीनचे म्हणणे होते की भारतीय पोलीस चीनच्या हद्दीत आले. दोघेही आपापले नकाशे पुढे करत होते. तीन वर्षांनी युद्ध झाले, आणि १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांना प्राण गमवावे लागले, तेव्हाही प्रश्न तोच होता.

ही हद्द मुळात कोणी ठरवली, केव्हा ठरवली आणि ठरवताना समोर कोण होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला १९६२ च्या बरेच मागे, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापर्यंत जावे लागते. आपल्याकडे या विषयावर जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा नेहरूंची चूक की चीनचा विश्वासघात, एवढ्यापुरते असते. प्रस्तुत लेखात त्याआधीच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा आहे.

सीमाप्रदेश आणि सीमारेषा

आधी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. सीमाप्रदेश वेगळा आणि सीमारेषा वेगळी. आपल्याकडच्या जुन्या राज्यांना सीमाप्रदेश चांगला ठाऊक होता. एका सत्तेचा अंमल विरळ होत जायचा, मध्ये कोणाचाच धड अंमल नसलेला मुलूख लागायचा आणि पलीकडे दुसऱ्या सत्तेचा अंमल सुरू व्हायचा. हिमालयात तर हे फारच स्वाभाविक होते. लडाखचे चांगपा मेंढपाळ उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळ्या कुरणांवर जात. पश्मिना लोकर तिबेटातून लेहला आणि तिथून काश्मीरला येई. पूर्वेला तवांगचा मठ ल्हासाजवळच्या द्रेपुंग मठाशी जोडलेला होता. सहावे दलाई लामा तवांग परिसरातच जन्मले. या लोकांना कुरण कोणाचे, खिंडीवर जकात कोण घेतो, मठाला धान्य कोण देतो हे नेमके माहीत होते. दोन देशांमधली रेषा कुठे आहे, हा प्रश्न मात्र त्यांना पडत नसे.

आधुनिक राज्याला रेषा लागते. जमीन मोजणे, नकाशा छापणे, कायदा लागू करणे आणि चौकी बसवणे या सगळ्यासाठी ती हवी असते. भारतात ही गरज ब्रिटिशांनी आणली. पण हिमालयाच्या शिखरांपलीकडे ती त्यांनी अर्धवटच पुरी केली, आणि वादाची सुरुवात या अर्धवटपणात आहे.

लडाख : जिंकले डोग्रांनी, वारसा ब्रिटिशांना

१८३४ साली जम्मूचे गुलाबसिंग यांचा सेनापती जोरावरसिंग याने लडाख घेतले. १८४१ मध्ये तो पश्चिम तिबेटात शिरला आणि त्याच हिवाळ्यात तकलाकोटजवळ मारला गेला. पुढच्या वर्षी, १८४२ मध्ये, डोग्रा आणि तिबेटी पक्षांत तह झाला. लडाख आणि तिबेट यांच्या जुन्या, परंपरागत सीमा कायम राहतील, असे त्यात ठरले. त्या सीमा कोणत्या, हे तहात लिहिलेले नव्हते. दोन्ही पक्षांना ते माहीत होते, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नाही.

१८४६ च्या अमृतसर तहाने ब्रिटिशांनी ७५ लाख रुपये घेऊन काश्मीर गुलाबसिंगांच्या हवाली केले. त्याबरोबर लडाखही ब्रिटिश छत्राखाली आले. गुलाबसिंगांनी पुन्हा तिबेटवर स्वारी करून लोकरीच्या व्यापाराचा विचका करू नये, म्हणून ब्रिटिशांनी लगेच सीमा ठरवण्याचा प्रयत्न केला. १८४६ आणि १८४७ अशी दोन वर्षे अलेक्झांडर कनिंगहॅम आणि इतर अधिकारी या कामासाठी पाठवण्यात आले. चिनी आणि तिबेटी प्रतिनिधी मात्र आलेच नाहीत. सीमा पूर्वीपासून ठरलेली आहे, नव्याने आखण्याचे कारण नाही, असा चीनचा सूर होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकट्यानेच पाहणी केली आणि दक्षिणेकडून पँगाँग सरोवराच्या परिसरापर्यंतचा भाग कागदावर आणला. त्याच्या उत्तरेला, काराकोरम खिंडीपर्यंत, नकाशा मोकळाच राहिला. त्या मोकळ्या जागेतच अक्साई चीन आहे.

जॉन्सनचा नकाशा आणि १८९९ चा प्रस्ताव

अक्साई चीन हे काराकोरम आणि कुनलुन या पर्वतरांगांमधले सुमारे पाच हजार मीटर उंचीचे उजाड पठार. क्षेत्रफळ अंदाजे ३८ हजार चौरस किलोमीटर. कायमची वस्ती नाही, खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि वारा. १८६५ मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याचा डब्ल्यू. एच. जॉन्सन हा कर्मचारी लेहहून या पठारावरून खोतानला गेला. खोतानच्या शासकाने त्याला बोलावले होते. त्या काळात सिंकियांगमध्ये, म्हणजे आजच्या शिनजियांगमध्ये, बंड झालेले होते आणि चीनचा अंमल तिथून उठला होता. जॉन्सनने परत येऊन जो नकाशा केला त्यात काश्मीरची हद्द थेट कुनलुन पर्वतापर्यंत नेली. अक्साई चीन प्रथम काश्मीरच्या नकाशात आले ते असे.

जॉन्सनच्या मोजणीवर त्याच्याच खात्याने ताशेरे ओढले. त्याने नोकरी सोडली आणि पुढे काश्मीरच्या महाराजांनी त्याला लडाखचा वजीर नेमले. टीकाकार या नेमणुकीकडे बोट दाखवतात. मोठा मुलूख नकाशात दाखवून महाराजांना खूश केल्याचे हे बक्षीस, असा त्यांचा आरोप आहे. हेतू काहीही असो, पुढचे राजकारण समजून घ्यायला एक गोष्ट महत्त्वाची आहे. तो नकाशा काढला तेव्हा पलीकडे चीन नव्हता आणि सीमेबद्दल कोणाशीही बोलणी झालेली नव्हती.

१८७८ पर्यंत चीनने सिंकियांग परत जिंकले आणि १८८४ मध्ये त्याचा रीतसर प्रांत केला. १८९२ मध्ये चिन्यांनी काराकोरम खिंडीत सीमास्तंभ उभारला. आता ब्रिटिशांपुढे प्रश्न वेगळा होता. पामीरच्या बाजूने रशिया पुढे सरकत होता. मधली जागा कोणाची ठेवली तर रशिया दूर राहील, यावर लंडन आणि कलकत्त्यात दोन मते होती. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख सर जॉन अर्डाघ यांनी १८९७ मध्ये सुचवले की सीमा कुनलुनपर्यंत पुढे न्यावी. दुसऱ्या गटाचे म्हणणे होते की चीनलाच ती जागा घेऊ द्यावी, म्हणजे रशिया आणि भारत यांच्यामध्ये चीनची भिंत राहील.

दुसरे मत जिंकले. १४ मार्च १८९९ रोजी पेकिंगमधील ब्रिटिश राजदूत सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी चीन सरकारला एक पत्र दिले. त्यात सुचवलेल्या रेषेने अक्साई चीनचा बहुतेक भाग चीनकडे जात होता. ब्रिटिशांनी चीनपुढे अधिकृतपणे ठेवलेला या भागाचा हा एकमेव पूर्ण प्रस्ताव. चीनने त्याला उत्तरच दिले नाही, त्यामुळे करार झाला नाही. पुढे चीनमध्ये क्रांती झाली, केंद्रीय सत्ता दुबळी झाली, तेव्हा ब्रिटिश नकाशांवर पुन्हा कुनलुनकडे झुकणाऱ्या रेषा दिसू लागल्या. पण चौकी नाही, कारभार नाही आणि करारही नाही. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले तेव्हा पश्चिम विभागातील सीमा अधिकृत नकाशांवर ‘अनिश्चित’ होती.

पूर्वेकडची गोष्ट

पूर्वेला इतिहास अगदी वेगळा आहे. आसाममध्ये चहाचे मळे पसरले तेव्हा मळेवाले आणि डोंगरातल्या जमाती यांच्यात खटके उडू लागले. १८७३ च्या नियमाने ब्रिटिशांनी ‘इनर लाइन’ आखली. परवान्याशिवाय तिच्या पलीकडे कोणी जायचे नाही. अरुणाचलला जाताना आजही जो परवाना लागतो त्याचे मूळ इथे आहे. डोंगराच्या पायथ्याशी ‘आउटर लाइन’ होती. तिच्यापलीकडे आदी, मिशमी, आपातानी, मोनपा अशा लोकांचा प्रदेश, जिथे ब्रिटिश कारभार नव्हता.

१९१० मध्ये हे चित्र बदलले. चीनचे सैन्य ल्हासात शिरले आणि तेरावे दलाई लामा पळून भारतात आले. चिनी अधिकारी पूर्व हिमालयाच्या कडेपर्यंत दिसू लागले. मार्च १९११ मध्ये नोएल विल्यमसन या ब्रिटिश अधिकाऱ्याला आदींनी कोमसिंग येथे ठार केले. त्यानंतरच्या लष्करी मोहिमेबरोबर सर्वेक्षकांची पथकेही डोंगरात गेली. चहाच्या मळ्यांपासून चीन एवढा जवळ नको, हा विचार आता पक्का झाला. पश्चिमेला रशियाच्या भीतीने चीनला जवळ येऊ दिले गेले होते. पूर्वेला चीनच्याच भीतीने सीमा डोंगरमाथ्यावर न्यायची होती.

सिमला, १९१३-१४

१९११ च्या क्रांतीनंतर तिबेट्यांनी चिनी सैन्य हाकलले. ब्रिटिशांनी ही संधी साधून ऑक्टोबर १९१३ मध्ये सिमल्याला त्रिपक्षीय परिषद बोलावली. ब्रिटिश भारताचे परराष्ट्र सचिव सर हेन्री मॅकमोहन, तिबेटचे लोनचेन शात्रा आणि चीनचे इव्हान चेन हे तीन प्रतिनिधी. मॅकमोहन यांना रेषा आखण्याचा अनुभव होता. अफगाणिस्तानला ज्या ड्युरँड रेषेने तोडले, तिच्या आखणीच्या कामात ते १८९० च्या दशकात होते. पुढे इजिप्तमध्ये असताना मक्केच्या हुसेन यांच्याशी झालेला गाजलेला पत्रव्यवहारही यांचाच.

परिषदेतला मुख्य वाद भारत-तिबेट सीमेचा नव्हताच. ‘बाह्य’ तिबेट आणि ‘अंतर्गत’ तिबेट यांची वाटणी कशी करायची, चीनचा अधिकार कुठपर्यंत, यावर महिनोन्‌महिने चर्चा चालली. त्या गडबडीत २४ आणि २५ मार्च १९१४ रोजी दिल्लीत मॅकमोहन आणि शात्रा यांनी आपापसांत पत्रे देऊन भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंतची सीमा ठरवून टाकली. या पत्रव्यवहारात चिनी प्रतिनिधी नव्हते. रेषा साधारणपणे हिमालयाच्या मुख्य पाणलोटावरून जात होती. तिने ब्रिटिश हद्द पायथ्यापासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला गेली आणि तवांग भारताच्या बाजूला आले.

नकाशाचे प्रमाण एका इंचाला आठ मैल होते. म्हणजे कागदावरची एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सुमारे अर्धा किलोमीटर व्यापते. बराच मुलूख प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. जमिनीवर खांब रोवून आखणी झाली नाही.

२७ एप्रिल १९१४ रोजी इव्हान चेन यांनी मसुद्यावर आणि सोबतच्या छोट्या नकाशावर आद्याक्षरे केली. पेकिंगने लगेच ती नाकारली. ३ जुलैला ब्रिटन आणि तिबेट यांनी चीनला वगळून हा करार आपल्यापुरता बंधनकारक मानला. चीनचे त्या वेळचे आक्षेप तिबेटच्या अंतर्गत वाटणीबद्दल होते, भारताच्या सीमेबद्दल नव्हते, हा भारताचा युक्तिवाद खरा आहे. दिल्लीतली पत्रे चीनला दाखवलीच नव्हती, हा चीनचा युक्तिवादही खरा आहे.

विसरलेली रेषा

यानंतर जे झाले ते अधिक चमत्कारिक आहे. वीस वर्षे ब्रिटिशांनी या रेषेचा उच्चारही केला नाही. १९०७ च्या करारानुसार तिबेटशी चीनच्या मार्फतच व्यवहार करायचा, असे त्यांनी रशियाला कबूल केले होते, त्यामुळे सिमल्याचा गाजावाजा परवडणारा नव्हता. सर्वेक्षण खात्याचे नकाशे जुनीच, पायथ्याची हद्द दाखवत राहिले. ॲचिसन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या करारसंग्रहाच्या १९२९ च्या खंडात सिमला कराराचा मजकूर नव्हता.

१९३५ मध्ये किंग्डन-वॉर्ड नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ परवानगी न घेता तिबेटात शिरले आणि तिबेटने तक्रार केली. त्या निमित्ताने फायली चाळताना ओलाफ कॅरो या अधिकाऱ्याच्या लक्षात आले की इथली सीमा तर १९१४ मध्येच ठरलेली आहे. मग १९३७ पासून नकाशांवर मॅकमोहन रेषा येऊ लागली. १९३८ मध्ये करारसंग्रहाचा नवा खंड छापला गेला, त्यात सिमल्याचा मजकूर घातला गेला, पण मुखपृष्ठावर साल १९२९ च ठेवले. जुन्या प्रती परत मागवून नष्ट करण्यात आल्या. एक मूळ प्रत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिल्लक राहिली आणि हा बदल उघडकीस आला. चीनच्या हाती आयते कोलीत मिळाले.

त्याच साली कॅप्टन लाइटफूट तवांगला गेले, तेव्हा तिबेटी अधिकारी तिथे कर गोळा करत होते. ल्हासाने निषेध केला आणि ब्रिटिश मागे फिरले. चीनपासून संरक्षण मिळेल या आशेने तिबेटने १९१४ मध्ये ही रेषा मान्य केली होती. ते संरक्षण मिळाले नाही, मग रेषा तरी का पाळायची, अशी ल्हासाची भूमिका होती. तवांगमध्ये कायमचा भारतीय कारभार आला तो फेब्रुवारी १९५१ मध्ये, मेजर बॉब खाथिंग तिथे पोहोचल्यावर.

स्वतंत्र भारताचा निर्णय

थोडक्यात, १९४७ मध्ये भारताला दोन प्रकारचा वारसा मिळाला. पूर्वेला रेषा होती, पण तिच्यावर सही करणाऱ्याच्या अधिकाराबद्दल वाद होता. पश्चिमेला दावे होते, पण रेषा नव्हती. १९५० च्या अधिकृत नकाशात हा फरक प्रामाणिकपणे दाखवला आहे. पूर्वेला मॅकमोहन रेषा, पश्चिमेला ‘सीमा अनिश्चित’.

एप्रिल १९५४ मध्ये भारताने चीनशी व्यापारविषयक करार केला आणि तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले. त्यात सीमेचा उल्लेख नव्हता. त्यानंतर १ जुलै १९५४ च्या टिपणात नेहरूंनी आदेश दिला की जुने नकाशे मागे घ्यावेत, नव्या नकाशांवर उत्तर सीमा निश्चित रेषेने दाखवावी आणि ती चर्चेचा विषय मानू नये. ‘अनिश्चित’ हा शब्द गेला आणि अक्साई चीन भारताच्या पक्क्या रेषेच्या आत आले. मुंबईचे वकील आणि अभ्यासक ए. जी. नूरानी यांनी ब्रिटिश आणि भारतीय कागदपत्रांच्या आधारे या बदलाची चिकित्सा केली. नूरानी यांचा सूर असा की पूर्वेला भारताची बाजू भक्कम होती, पण पश्चिमेला वाटाघाटीला जागा होती आणि ती आपणच बंद केली.

पण नेहरूंच्या बाजूनेही विचार करायला हवा. चार वर्षांपूर्वी जन्मलेल्या संविधानाच्या, नुकत्याच फाळणी सोसलेल्या देशाला ‘आमची हद्द कुठे आहे ते ठाऊक नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते. चीननेही याच काळात न बोलता काम उरकले. अक्साई चीनमधून शिनजियांगला तिबेटशी जोडणारा रस्ता त्याने बांधला आणि १९५७ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले. सीमा ठरलेली नाही असे चौ एन-लाय यांनी नेहरूंना स्पष्टपणे लिहिले ते जानेवारी १९५९ मध्ये, रस्ता झाल्यावर.

एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले. पूर्वेला तुमचे आम्ही मानतो, पश्चिमेला आमचे तुम्ही माना, असा त्यांचा सूचक प्रस्ताव होता. भारताने तो स्वीकारला नाही. हॉट स्प्रिंग्जच्या घटनेने लोकमत तापलेले होते. त्यात महिन्याभरापूर्वीच, मार्च १९६० मध्ये, बेरुबाडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मत दिले होते की देशाचा भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती करावी लागेल. नकाशावर एकदा ठळक झालेली रेषा पुसणे आता कोणत्याही सरकारच्या हातात राहिले नव्हते.

१९६२ मध्ये ठिणगी पडली ती पूर्वेला, थागला पर्वतधारेजवळ. नकाशावरची मॅकमोहन रेषा या धारेच्या दक्षिणेकडून जाते. रेषेमागचे तत्त्व पाणलोटाचे आहे आणि पाणलोट थागलावर आहे, म्हणून सीमा तिथेच, असे भारताने म्हटले. चीनने नकाशावरच बोट ठेवले. आठ मैलाला एक इंच या प्रमाणाची किंमत नामका चू नदीकाठच्या जवानांनी २० ऑक्टोबर १९६२ रोजी मोजली. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे आपल्याकडे अभिमानाने म्हटले गेले.

दोन्ही बाजूंची अडचण

चीन म्हणतो, मॅकमोहन रेषा साम्राज्यवाद्यांनी लादली, म्हणून ती बेकायदा. पण १ ऑक्टोबर १९६० च्या ब्रह्मदेशाबरोबरच्या सीमाकरारात चीनने त्या बाजूची मॅकमोहन रेषा, तिचे नाव न घेता, जवळपास तशीच स्वीकारली. सिक्कीम-तिबेट सीमेबाबत तर तो १८९० च्या ब्रिटिश-चिनी कराराचाच आधार घेतो. २०१७ च्या डोकलाम वादात त्याचे मुख्य शस्त्र तेच होते. म्हणजे साम्राज्यवादाने आखलेली प्रत्येक रेषा चीनला नकोशी नाही. तिबेटला करार करण्याचा अधिकार होता, हे मान्य करणे त्याला परवडत नाही.

भारताची अडचण याच्या उलट आहे. मॅकमोहन रेषा वैध ठरायची तर १९१४ मध्ये तिबेटला स्वतंत्रपणे सही करण्याचा अधिकार होता असे मानावे लागते. तिबेट चीनचा भाग असल्याचे तर आपण १९५४ मध्ये मान्य केले आहे. शिवाय साम्राज्याविरुद्ध लढून स्वतंत्र झालेला देश त्याच साम्राज्याच्या नकाशांचा वारसदार म्हणून उभा राहतो.

तरीही पूर्व विभागात भारताचा सर्वांत भक्कम आधार १९१४ चा कागद नाही. तो आधार म्हणजे त्या प्रदेशात गेली सत्तर वर्षे चाललेला कारभार, शाळा, निवडणुका आणि तिथल्या लोकांनी भारतीय नागरिक म्हणून जगलेले आयुष्य. सिमला आणि दिल्लीतल्या टेबलांवर मोनपा किंवा आदी यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. आज त्यांचे आमदार आणि खासदार आहेत. अक्साई चीनमध्ये असा आधार कोणत्याच बाजूला नाही, कारण तिथे वस्तीच नाही. तिथे आहे तो रस्ता आणि त्याचे लष्करी मोल.

१९९३ आणि १९९६ च्या करारांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता ठेवायचे ठरले. पण ती रेषाही दोन्ही बाजूंनी मिळून नकाशावर निश्चित केलेली नाही. गस्तीवर निघालेला जवान आपल्या समजुतीच्या रेषेपर्यंत जातो आणि समोरचा त्याच्या समजुतीच्या रेषेपर्यंत येतो. गलवान यातूनच घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो वर्तनाचा समझोता आहे, सीमेचा नाही.

ब्रिटिशांनी रेषा चुकीची आखली, असा आरोप आपण सहज करतो. त्यांचा खरा दोष वेगळा आहे. रशिया जवळ आला की एक रेषा, चीन जवळ आला की दुसरी, आणि दोघेही दूर गेले की कोणतीच नाही, असा त्यांचा व्यवहार होता. साम्राज्याला ते चालून गेले, कारण त्याच्या दृष्टीने हा दूरचा सीमाप्रदेश होता. त्यांच्यानंतर आलेल्या दोन राष्ट्रांना तो आपल्या देहाचा भाग वाटला. हे पुसट कागद एकत्र बसून, दोघांनी मिळून, नव्याने लिहिण्याचे काम तेव्हाही राहून गेले आणि अजूनही बाकी आहे.